रिकाम्या मंगळवारचा हिशेब

चि. सोनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू काढायचा म्हणतेस त्या पबच्या जमाखर्चाची तुझी शीट मी बारकाईने वाचली. विक्रीचं पान तू मन लावून केलं आहेस. शनिवारी किती टेबलं भरतील, माणशी बिल किती होईल, डिसेंबरात गर्दी कशी वाढेल, सगळं त्यात आहे. खर्चाचं पान मात्र घाईत उरकलेलं दिसतं. मी आयुष्यभर दादर-परळच्या हॉटेलांचे आणि परमिट रूमचे हिशेब लिहिले, त्यामुळे माझी नजर आधी त्याच पानावर जाते. मला तुझ्याकडून एक आकडा हवा आहे. एखाद्या मंगळवारी एकही गिऱ्हाईक आलं नाही, तरी त्या दिवसाचे किती पैसे जातात?

भाड्यापासून सुरू करू. अंधेरीच्या त्या गाळ्याचं भाडं तू महिना ४ लाख लिहिलंस. त्यावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे आणखी ७२ हजार. तो परत मिळेल असं तू धरलं आहेस, पण तो मिळणार नाही. खाण्याच्या बिलावर आपण ५ टक्के कर लावतो, तो इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेल्या कराची वजावट, न घेण्याच्या अटीवर. दारू तर जीएसटीच्या बाहेरच आहे. त्यामुळे भाडं, इंटिरिअर, एसीची सर्व्हिसिंग, सीएची फी, जाहिरात यांवर भरलेला सगळा जीएसटी आपल्या खिशातून जातो. मालक नोंदणीकृत नसेल तर कर वाचेल, असंही कुणी सांगेल. ऑक्टोबर २०२४ पासून तसं राहिलेलं नाही. अशा भाड्यावर रिव्हर्स चार्जने आपल्यालाच कर भरावा लागतो. तेव्हा भाड्याच्या ओळीत ४ लाख ७२ हजार लिही. करारात दरवर्षी किती वाढ आहे, लॉक-इन, म्हणजे जागा सोडता न येण्याची मुदत, किती महिन्यांचं आहे आणि कॉमन एरियाची देखभाल वेगळी द्यायची का, हे वाचल्याशिवाय पुढच्या वर्षांचे आकडे भरू नकोस.

पगाराच्या ओळीत तू २२ माणसं गुणिले २० हजार केलेस. हातात पडणारा पगार आणि आपल्याला पडणारा खर्च यात बरंच अंतर असतं. वीस किंवा जास्त माणसं असली की पीएफ येतो, मालकाचा वाटा मूळ पगाराच्या १२ टक्के. २१ हजारांपर्यंतच्या पगारावर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, सव्वातीन टक्के. दिवाळीचा बोनस कमीत कमी ८.३३ टक्के, आणि तो एकाच महिन्यात द्यायचा असला तरी बाजूला दर महिन्याला काढायचा. त्यावर स्टाफचं दोन वेळचं जेवण, गणवेश आणि रात्रीची गाडी. दार दीडला बंद होतं, आवराआवर होईपर्यंत शेवटची लोकल गेलेली असते. वाशिंद-विरारची पोरं पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत स्टेशनवर बसतात, हे मी पाहिलेलं आहे आणि ते तुझ्या जागी होऊ नये अशी माझी फार इच्छा आहे. मुली रात्री साडेनऊनंतर कामाला असतील तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरी सोडण्याची सोय कायद्यानेच मालकावर आहे. हे सगळं धरून ४ लाख ४० हजारांच्या जागी ५ लाख ४० हजार लिही.

विजेचं गणित सोपं आहे, पण तू ते घरच्या बिलासारखं केलंस. व्यापारी जोडणीत युनिटशिवाय मंजूर भाराचा स्थिर आकार असतो, तो कुणी येवो न येवो लागतोच. पबची वेळ संध्याकाळची, आणि मोठ्या जोडण्यांना नेमकं तेव्हाचंच युनिट महाग पडतं. बिअरचा कूलर, डीप फ्रीज आणि बर्फाचं मशीन तर बंद दिवशीही चालू राहतात. गॅस धरून १ लाख ४० हजार समज.

आता परवाने. एफएल-३ चं, म्हणजे बारमध्ये दारू विकण्याचं, लायसन्स ३१ मार्चला संपतं आणि नूतनीकरणाची मोठी रक्कम एकदम भरावी लागते. मार्चमध्ये गल्ल्यात पैसे नसले म्हणून कुणी थांबत नाही. ही फी, महापालिकेचा आरोग्य परवाना, एफएसएसएआयचा अन्न परवाना, गाणी वाजवण्यासाठी पीपीएल आणि आयपीआरएस या संगीत हक्कांच्या संस्थांचं शुल्क, विमा आणि अग्निसुरक्षा या सगळ्यांची वर्षाची बेरीज करून बाराने भाग. मी १ लाख २० हजार धरलेत. खरे आकडे तू त्या त्या कार्यालयातून लेखी आण. अग्निसुरक्षेची तपासणी परवानाधारक एजन्सीकडून जानेवारीत आणि जुलैत करून ‘फॉर्म बी’ हे प्रमाणपत्र द्यावं लागतं. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ माणसं गेली. त्यांतली कितीतरी तुझ्याच वयाची होती. या ओळीतून एक रुपयाही वाचवायचा विचार मनात आणू नकोस. जिना मोकळा ठेवावा लागतो म्हणून चार टेबलं कमी झाली तर होऊ देत.

दुरुस्ती, पेस्ट कंट्रोल, लाँड्री, बिलिंगचं सॉफ्टवेअर, हिशेबनीस यांना १ लाख. कर्जाचा हप्ता १ लाख २० हजार. बेरीज झाली १४ लाख ९२ हजार.

तू ही रक्कम तीसने भागलीस. २८ ने भाग. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी हे ड्राय डे येतात. निवडणूक आली की मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही जातो. मुंबईत लोकसभा, विधानसभा, महापालिका असं काही ना काही असतंच. २८ ने भागल्यावर दिवसाला सुमारे ५३ हजार येतात. माझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे, आणि यात अजून एक थेंबही ओतलेला नाही.

शंभर रुपयांच्या विक्रीतले ३५ मालाला आणि ५ मोडतोड, सवलत, कार्डाचं कमिशन यांत गेले असं धरू. उरले ६०. मग ५३ हजार भरून काढायला रोज सुमारे ८९ हजारांची विक्री हवी, तीही कर वगळून. माणशी १२०० धरले तर रोज ७४ माणसं, आठवड्याला ५१८. शुक्रवार-शनिवारी ११०-११० आली आणि रविवारी ९०, तरी सोमवार ते गुरुवार रोज ५२ माणसं लागतात. तुझ्या ६० खुर्च्या आहेत. या चार दिवसांत ५२ माणसं कोण असतील, कुठल्या ऑफिसातून सुटून येतील, पावसाळ्यात पाणी तुंबल्यावर येतील का, हे तू मला नावानिशी नाही, पण वस्तीनिशी सांगायला हवं. गटारीला गर्दी होईल, पुढे महिनाभर श्रावण आहे. गणपती, पितृपक्ष, नवरात्र यांतही आपल्याकडची बरीच माणसं पाळतात. तू सगळे महिने सारखे धरलेस, ते मोड. प्रत्येक महिन्याचा वेगळा रकाना कर.

३५ रुपयांचा माल ३५ च राहावा म्हणून गल्ल्यापेक्षा बारवर जास्त लक्ष लागतं. ७५० मिलिची बाटली म्हणजे ३० मिलिचे २५ पेग. ओतणाऱ्याचा हात सैल पडून पेग ३५ चा झाला तर जेमतेम २१ निघतात. चार पेग गेले, आणि दारूचा भाव तोच. उत्पादन शुल्क विभागाची नोंदवही रोज लिहावीच लागते, तर ती त्यांच्यासाठी लिहायची म्हणून लिहू नकोस. रोज रात्री बाटल्या मोजून बिलांशी ताडून बघ. नवी जागा असताना हे तू स्वतः करावंस.

दारूवरचा व्हॅट आपला पैसा नाही. १ नोव्हेंबर २०२३ ला तो ५ वरून १० टक्के झाला, तेव्हा गल्ल्यात दिसणारी रक्कम फुगली आणि ती आपली समजून खर्च करणारे पुढे अडचणीत आले. त्याचं वेगळं खातं काढ. २०२५ मध्ये कमी निर्मिती खर्चाच्या देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क त्या खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं गेलं, आणि १४ जुलैला राज्यातल्या बारमालकांनी एक दिवस बंद पाळला. भाव असा एका निर्णयाने बदलतो, म्हणून मेन्यू एकदा छापून वर्षभर चालवायचा बेत करू नकोस. सेवा शुल्कही विक्रीत धरू नकोस. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही.

२०२० मध्ये मार्चपासून ५ ऑक्टोबरपर्यंत बार बंद होते. ज्यांच्याकडे शिल्लक होती ते टिकले. तुझ्या शीटमध्ये भांडवल संपतं तिथेच पब सुरू होतो. निदान सहा महिन्यांचा बंद दाराचा खर्च, म्हणजे सुमारे ९० लाख, उद्घाटनाच्या दिवशी बँकेत असायला हवेत. हे ऐकून तुझा चेहरा उतरेल, मला ठाऊक आहे. जागा लहान घेतली, २२ ची १४ माणसं केली, भाडं अडीच लाखांवर आलं, तर ही रक्कमही खाली येते. माझं म्हणणं पब काढू नकोस असं नाही. तू काढावास आणि तो दहा वर्षं चालावा, असं मला मनापासून वाटतं. आपल्या घरातली मुलगी स्वतःच्या जागेच्या दारात उभी राहून माणसांचं स्वागत करते आहे, हे मला बघायचं आहे.

मालकाला अजून टोकन दिलेलं नाही ना? देऊ नकोस. या रविवारी शीट घेऊन ये, बाबांनाही बसवू. येताना त्या गाळ्याच्या आधीच्या भाडेकरूची वर्षभराची वीजबिलं मागून आण. आणि एखाद्या मंगळवारी रात्री नऊ ते अकरा त्या रस्त्यावर उभी राहून आजूबाजूच्या दोन-तीन बारमध्ये किती माणसं शिरतात ती मोजून ये.

तुझी,
आई