गाठ केवढी ते नंतर, आधी कसली ते सांगा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

तुमच्या आरोग्य पुरवणीत लिव्हरवर अधूनमधून येत असतं पण ते सगळं फॅटी लिव्हर नाहीतर दारू. लिव्हरमधल्या साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठींबद्दल काही वाचल्याचं आठवत नाही म्हणून लिहितेय.

माझ्या जाऊबाईंचं पोट दुखायचं, पित्ताशयात खडे आहेत का बघायला सोनोग्राफी केली तर खडे नाहीत पण लिव्हरला ६ सेंटिमीटरची गाठ. झालं, घरात कुणाला जेवण जाईना. जिथे दाखवलं तिथल्या डॉक्टरांनी एवढी मोठी आहे, फुटेल, काढून टाका म्हणत ऑपरेशनची तारीखपण देऊन टाकली, आणि दीर एफडी मोडायला निघाले. सासूबाई अडून बसल्या म्हणून मिरजेला दुसरीकडे दाखवलं.

तिथल्या सर्जननी ट्रिपल फेज सीटी (शिरेतून औषध सोडून वेगवेगळ्या टप्प्यांत फोटो काढतात तो स्कॅन) करून आम्हा दोघींना स्क्रीनवरच दाखवलं. औषध सोडल्यावर आधी गाठीच्या कडेकडेने पांढरे ठिपके उमटतात आणि मग ते हळूहळू आत सरकत सरकत गाठ भरत जाते. म्हणाले हा हिमॅन्जिओमा, रक्तवाहिन्यांचा गुंता, लिव्हरमध्ये सगळ्यात जास्त सापडणारी साधी गाठ, आपोआप फुटणं अगदी क्वचित. सुई घालून तुकडा काढू नका, त्यानेच रक्त वाहायची भीती. पोट ॲसिडिटीने दुखतंय, गोळी घ्या. आणि खरंच, महिनाभरात दुखणं थांबलं!

मी विचारलं, मग कापतात तरी कधी? तर म्हणे हिमॅन्जिओमा खूपच मोठा होऊन जठरावर दाबायला लागला, दुसरं कुठलं कारण न सापडता सतत दुखतच राहिलं, भराभर वाढला किंवा त्याच्यामुळे प्लेटलेट्स उतरल्या तरच. एफएनएच नावाची दुसरी गाठ असते, मध्ये जखमेच्या व्रणासारखी खूण दिसते, तिलाही बहुतेक वेळा हात लावत नाहीत.

पण ॲडिनोमा नावाची तिसरी गाठ निघाली तर सगळंच उलटं. ही गाठ गर्भनिरोधक गोळ्या बरीच वर्षं घेणाऱ्या बायकांत दिसते, आणि बॉडी बनवायला स्टेरॉइड टोचून घेणाऱ्या जिमच्या पोरांतसुद्धा (हे ऐकून मी घरी येऊन पुतण्याची बॅग तपासली, खोटं कशाला बोलू). आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो, पुढे कॅन्सरही. बाई असेल तर गोळ्या बंद, वजन कमी, ६ महिन्यांनी परत एमआरआय आणि तरीही ५ सेंटिमीटर किंवा जास्त असेल नाहीतर वाढत असेल तर काढायची. पुरुषाला असेल तर लहान असली तरी काढायलाच सांगतात. अचानक उजव्या बरगडीखाली जोरात दुखून चक्कर आली, घाम फुटला तर घरी बसायचं नाही, दवाखान्यात आधी गाठीला जाणारी रक्तवाहिनी बंद करून रक्त थांबवतात, कापाकापी शक्यतो नंतर. आणि ज्यांना सिरॉसिस (लिव्हर निबर होणं) किंवा हेपटायटिस बी आहे त्यांनी कुठलीच गाठ साधी धरून चालायचं नाही.

म्हणजे ६ सेंटिमीटर हा आकडा एकच, पण एकीला सोडून देतात आणि दुसरीला कापतात. रिपोर्ट हातात ठेवणाऱ्याने एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात हो. तुमच्या पुरवणीत एखाद्या लिव्हर सर्जनकडून यावर नीट लिहून घ्याल का? ऑपरेशनच्या तारखेची ती चिठ्ठी जाऊबाईंनी अजून फाइलीत जपून ठेवलीये, कुणी आलं की दाखवतात.

तुमची एक नियमित वाचक, सांगली