बोर्डिंगला कुलूप लागलं त्यानंतर

मा. संपादक,

सप्रेम सलाम.

जिल्ह्यातल्या बंद पडलेल्या मिशन बोर्डिंगांवरचा तुमच्या वार्ताहराचा लेख वाचला. त्यातलं बरंचसं खरं आहे. कौलं फुटलीत, आवारात वेड्या बाभळी माजल्यात, दाराला कुलूप आहे. पण परदेशी पैसा आटला आणि ख्रिस्ती लोकांची सेवा आटोपली, असं म्हणून लेख जिथं संपवलाय तिथं मला थांबता येत नाही. शेवगाव तालुक्यातल्या अशाच एका बोर्डिंगची मी मेट्रन होते. पुढचं तुमच्या वार्ताहराला दिसलं नसेल, कारण ते कुलपाच्या बाजूला घडत नाही. पत्र लांबलं तर कात्री लावा, पण पिठाचा हिशोब आहे तेवढा ठेवा.

पैसा का थांबला, ते आधी सांगते. सगळा दोष कायद्यावर टाकून मोकळं होणारे आमच्यात पुष्कळ आहेत. 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला हे खरंच. एका संस्थेनं घेतलेली देणगी दुसरीला देता येईना, आणि प्रशासनावरच्या खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिकडची पाकिटं पातळ होत चालली होती. एकेका पोराचा खर्च उचलणाऱ्या तिकडच्या म्हाताऱ्या बाया एकेक करून वारल्या आणि त्यांची मुलं-नातवंडं चर्चला जाईनाशी झाली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आम्ही पोरं घरी पाठवली. गाद्या गुंडाळून, ट्रंका भिंतीला लावून ठेवल्या. त्या ट्रंका न्यायला नंतर आईबाप आले, पोरं आली नाहीत.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं आमच्या उपासनेत अजून म्हणतात. त्यांनी 1917 मध्ये मिशनचा पगार आपणहून सोडला आणि ‘देवाचा दरबार’ ही मिशनबाहेरची भक्तमंडळी उभी करायला निघाले. माझं उलटं झालं, पगारानंच मला सोडलं. नवऱ्याचं शिवणयंत्र तेवढं घरात चालू होतं, आणि टाळेबंदीत कपडे कोण शिवून घेणार? रस्ते उघडल्यावर मी हायवेवरच्या एका खाणावळीला भाकऱ्या पुरवू लागले, नगावर पैसे. भाकरी भाजायची लाज कधीच वाटली नाही. बोर्डिंगात ऐंशी पोरांच्या भाकऱ्यांवर माझाच डोळा असायचा. पण तिथं कोण किती खातो, कोणाला ताप आहे, कोण घरच्या आठवणीनं ताटावरून उठलाय, ते माहीत असायचं. खाणावळीत भाकरी मोजून द्यायची, पैसे घ्यायचे, संपलं.

रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जायची ती सवयीनं, मागच्या बाकावर, दाराजवळ. पुढं तेही सुटलं. लोक चांगलेच होते, पण भेटला की जो तो म्हणायचा, बाई, प्रभूची काहीतरी योजना असेल. असेल, पण ती सांगायला आलेल्यानं येताना साखर तरी आणावी! आणि त्याहून वाईट ते मोबाईलवरचे उपदेशक. विश्वासानं हजार रुपये पाठवा, प्रभू शंभरपट परत करील. माझ्या ओळखीच्या एका विधवेनं मंगळसूत्रातले मणी मोडून पैसे पाठवले. शंभरपट कोणाला मिळालं ते त्या उपदेशकाच्या मोटारीकडे बघितलं की कळतं. तुमच्या वार्ताहरानं यावर लेख लिहिला तर मी तो घरोघर वाटीन.

आमचे पाळकसाहेब मात्र आले ते अर्धं पोतं ज्वारी घेऊन. देवळात का दिसत नाही, असं विचारलं नाही. चुलीपुढं बसले, गरम भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि जाताना बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय वाचला, एलिया संदेष्ट्याचा. राणीच्या धाकानं पळालेला एलिया रानात झाडाखाली बसून मरण मागतो आणि तिथंच झोपतो. देवदूत त्याला उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी पुढं ठेवतो. एलिया खातो आणि परत झोपतो. त्याबद्दल देवदूत त्याला एक शब्द बोलत नाही. पुन्हा उठवतो तेव्हाही खा म्हणतो, पुढची वाट लांबची आहे म्हणून. हा अध्याय मी संडे स्कूलमध्ये किती वेळा शिकवला असेल! पण आम्ही शिकवायचो तो होरेब डोंगरावरचा वारा, भूकंप आणि मंद वाणी. भाकरीवरून घाईनं पुढं जायचो. त्या दिवशी मला भाकरीच ऐकू आली. शेवटी देव त्याला परत कामाला लावतो, आणि मी एकटाच उरलो ही त्याची तक्रार काही मान्य करत नाही. सात हजार आणखी आहेत म्हणतो.

काम आलं ते दसऱ्याच्या सुमारास. बोर्डिंगात वाढलेला एक मुलगा बायकोपोरांसह दारात उभा. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, गाडी दोन दिवसांनी निघणार. आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी लिहिते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल जोडीला मिळते, त्यामुळे बाईला मागं राहता येत नाही, आणि आई गेली की लेकरंही कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, जातात. दिवाळीच्या आसपास गेलेली माणसं मार्च-एप्रिलला परततात, तोवर शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. राज्यातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात आमच्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला झाली, 1950 मध्ये. तरी शेवगाव-पाथर्डीच्या कोरड्या पट्ट्यातली माणसं ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरला जातात, कर्नाटकातही जातात.

त्याची मुलगी नववीत होती. तो म्हणाला, ‘बाई, मी तुमच्या हाताखाली दहावी झालो. हिला एवढा हंगाम ठेवून घ्या.’

ठेवून घेणं सोपं नव्हतं. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, एक वकील आहेत. त्यांनी आधीच सांगितलं, की 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे नोंदणी नसताना मुलं ठेवून घेणारी संस्था चालवता येत नाही, आणि चालवूही नये. हा कायदा मला पटतो. धर्माच्या नावावर काढलेल्या घरांत लेकरांचे काय हाल होऊ शकतात ते सगळ्यांनी वाचलेलं आहे. मग चर्चच्या पंच कमिटीत बसून असं ठरलं की मुलांनी रात्री आपल्या आजी-आजोबांकडेच राहायचं. म्हातारी माणसं गावात असतातच. त्यांच्याकडे छप्पर असतं, पण संध्याकाळी चूल पेटवण्याइतकं अंगात बळ नसतं आणि दहावीचं गणित तर नसतंच. तेवढं देवळाच्या मागच्या हॉलमध्ये करायचं. साडेसहाला अभ्यास, आठला जेवण, मग आजोबा येऊन घेऊन जातात. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत आहे, त्यामुळे नववी-दहावीची पोरं दुपारी काय खातात हे विचारूच नका. शासनाची हंगामी वसतिगृहं आहेत, 2021 पासून संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजनाही आहे. तिथं ज्याला जागा मिळेल त्यानं जावंच. आमच्याकडे येतात ती कुठंच न बसलेली.

आता पीठ. वीसेक पोरं, वाढत्या वयाची, म्हणजे रोज चार-साडेचार किलो. सुरुवातीला पंच कमिटीच्या हातात कापणीच्या सणाच्या लिलावाचे थोडे पैसे होते. हा लिलाव एकदा येऊन बघा. बाजरी निघाली की मंडळी पहिलं पीक देवळात आणतात. बाजरीची पाटी, भोपळा, कोंबडी, अंडी, एखादी बाई घरचं लोणचं. मग त्याचा लिलाव होतो आणि शंभराचा भोपळा पाचशेला जातो. घेणारा तोच भोपळा परत दान करतो आणि पुन्हा बोली लागते. त्या वर्षी एक कोंबडा इतक्या वेळा विकला गेला, की शेवटी तो कोणाच्याच घरी गेला नाही, हॉलमध्ये शिजला.

ते पैसे डाळ-तेलात गेले. दळण मात्र पैशावाचून होतं, कारण गिरणीवाले चाचा घेत नाहीत. कधी विचारलं तर म्हणतात, पट्टा फिरतोच आहे. पंढरीची वारी करणाऱ्या एक आजी आहेत, त्यांचा नातू आमच्याकडे येतो. त्या दर आठवड्याला जवसाची चटणी पाठवतात. एका शिक्षकाच्या घरून सरपण येतं. मागच्या हंगामात एकदा पीठ खरंच संपलं होतं, संध्याकाळच्या भाकरीपुरतंही नव्हतं, आणि दुपारी टेम्पोतून दोन पोती गहू उतरले. आमच्या उपासनेत उभं राहून मी ही साक्ष दिली, पण गहू आकाशातून पडले असं सांगितलं नाही. ते कोणी पाठवले, टेम्पो कोणाचा, हमाली कोणी दिली, सगळं सांगितलं. प्रभूनं पुरवलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ज्यांच्या हातून पुरवलं त्यांची नावं साक्षीतून गाळणं मला कृतघ्नपणाचं वाटतं, विशेषतः ती माणसं आपल्या मंडळीतली नसतात तेव्हा.

आमच्या लोकांना इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरच्या गोष्टी फार आवडतात. दहा हजारांवर अनाथ मुलं सांभाळली, कोणापुढं हात पसरला नाही, फक्त प्रार्थना केली. खरं आहे. पण तो आलेल्या पै-पैचा हिशोब ठेवून दर वर्षी छापायचा, हे व्यासपीठावरून कोणी सांगत नाही. आम्ही महिन्याचा हिशोब हॉलच्या दारावर चिकटवतो. पोरंच त्याची बेरीज तपासतात, तेवढंच गणित.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. माझ्या आईची आजी 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून केडगावला त्यांच्या आश्रमात आलेली. रमाबाई त्या भागात गेल्या तेव्हा आधीच पोळलेल्या होत्या. 1893 मध्ये पुण्यात गदारोळ होऊन पालकांनी शारदा सदन या त्यांच्या शाळेतून मुली काढून नेल्या होत्या. अमेरिकेतल्या मंडळींनी दिलेली दहा वर्षांची हमी 1898 ला संपायची होती, आणि ती सदनासाठी होती, दुष्काळातल्या शेकडो पोरींसाठी नव्हे. त्यात पुण्यात प्लेग. मुली शहरात ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या रानात घाईनं निवारे उभारले. आमच्या घरात बाईंच्या प्रार्थनेच्या गोष्टी सांगतात तशा त्यांच्या विहिरींच्याही सांगतात. त्यांनी विहिरी खणल्या, भाजीपाला लावला, पोरींना विणकाम, छपाई, तेलाचा घाणा, गाईगुरं शिकवली. पणजी घाण्यावर होती. शेवटपर्यंत तिला करडीचं तेल वासावरून कळायचं, भेसळ असली तर दुकानदाराला तोंडावर सांगायची.

म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या, आणि बीड-जालन्याकडच्याही मंडळ्यांना मी या पत्रातून विचारते आहे. तुमचं बोर्डिंग बंद पडलं असेल, पण हॉल आहे ना? रविवारी दोन तास सोडले तर आठवडाभर त्याला कुलूपच असतं. ऊसतोडीच्या हंगामात तो संध्याकाळी उघडा. परदेशी देणगीसाठीचं दिल्लीतलं बँक खातं लागत नाही, नोंदणीकृत वसतिगृह लागत नाही, साहेबाचं पत्र लागत नाही. दोन-तीन बाया, एक गिरणीवाला आणि दारावर लावलेला हिशोब लागतो. धर्मांतराची शंका कोणाला येईल तर आत येऊन बसावं. जेवणाआधी पोरं शाळेत शिकलेला श्लोक म्हणतात आणि मी माझी प्रार्थना मनात करते. दोन्हींनी भाकरी सारखीच फुगते.

खाणावळीचं काम मी अजून सोडलेलं नाही. सकाळच्या भाकऱ्या तिथं, संध्याकाळच्या इथं, आणि इथल्या फुकट. पाठ दुखते. देवळात आता पुन्हा पुढं बसते, मागच्या बाकावर पोरांच्या आज्या बसतात, त्यांना ती जागा सोडवत नाही.

नववी-दहावीचं गणित आणि विज्ञान शिकवणारं कोणी आम्हाला हवं आहे, दिवाळी ते मार्च, साडेसहा ते आठ. निवृत्त शिक्षक असतील तर उत्तम. मानधन देऊ शकत नाही. येणाऱ्याची जात-धर्म विचारणार नाही, फक्त बीजगणित विचारू. संध्याकाळचं जेवण आमच्याकडे, बाजरीची भाकरी आणि जवसाची चटणी, बुधवारी पिठलं. संपर्क तुमच्या कार्यालयाकडे देऊन ठेवला आहे.

आपली नम्र,
एक माजी मेट्रन, ता. शेवगाव
(नाव छापू नये ही विनंती)