पेटीवरचा कपडा काढ आई

जय ख्रिस्त आई, जय ख्रिस्त बाबा,

रात्रीचे पावणेतीन वाजलेत, नाइट ड्युटी आहे, वॉर्डात आत्ता जरा शांत झालंय म्हणून मोबाईलवर टाइप करत बसलेय. शेजारच्या पोरीला सांगून ठेवलंय, ती सकाळी कॉलेजला जायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवेल. तिला म्हणावं बाबांच्या डाव्या बाजूला बसून वाच आणि सावकाश वाच, त्यांना सगळं कळतं, फक्त थोडा वेळ द्यावा लागतो.

आई, परवा तू फोनवर म्हणालीस की माझ्याच्याने आता गाणं होत नाही गं, चर्चला जाते, पुस्तक उघडून उभी राहते आणि तोंडातून शब्दच निघत नाही, देवाला काय वाटत असेल. आणि लगेच फोन ठेवून दिलास. मी लोकलमध्ये होते, विक्रोळी गेलं होतं, भांडुप येईपर्यंत मी दाराकडे तोंड करून नुसती रडत होते. परत फोन लावला असता तर दोघी रडलो असतो आणि सांगायचं ते राहून गेलं असतं, म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे घरी येऊन तुला जे ऐकवून गेले ना, की घरात कुठलं तरी पाप कबूल करायचं राहिलंय, विश्वास कमी पडला म्हणून मास्तरांना, म्हणजे बाबांना, लकवा मारला, ते तू मनातून काढून टाक. मी नाव घेत नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग आहे आणि तो जावा म्हणून मी रोज प्रार्थना करतेय, पण ते जे बोलले ते शास्त्राला धरून नाही. योहानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभू सरळ म्हणाला, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. आणि ईयोबाचं तर अख्खं ४२ अध्यायांचं पुस्तक आहे याच्यावर. त्याचे मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तेवढं त्यांनी फार चांगलं केलं, पण मग तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार हे तऱ्हेतऱ्हेने ऐकवत राहिले. ईयोब तर देवाशी भांडला गं, आपल्या जन्माच्या दिवसाला शाप दिला, माझा गुन्हा काय ते मला सांग म्हणाला. आणि शेवटी देव रागावला तो मित्रांवर, की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. संडे स्कूलपासून हे ऐकत आलेय मी, पण बाबा पडल्यापासून हे वाक्य वाचलं की घशात आवंढा येतो.

तर तुझ्या तोंडून शब्द निघत नाही म्हणून देव तुझ्यावर नाराज आहे असं धरून बसू नकोस. १३७ वं स्तोत्र काढ. बाबेलच्या नद्यांकाठी बसून ते लोक रडले, आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवल्या, परक्या मुलखात परमेश्वराचं गीत कसं गावं म्हणाले. आपल्याला गाता येत नाही हे सांगणारं ते स्तोत्र, आणि देवाने ते हालेलूयाच्या स्तोत्रांशेजारी ठेवून घेतलं. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही, फक्त सुरुवातीला देवाला 'माझ्या उद्धारक देवा' अशी हाक मारलीय. मला वाटतं तुझं सध्या तेवढंच चाललंय आई, हाक मारून गप्प बसणं. आणि क्रूसावर प्रभूने तरी काय म्हटलं, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. दर गुड फ्रायडेला सात शब्दांच्या उपासनेत हा चौथा शब्द आला की तू डोळे पुसायचीस, मी लहान होते, मला वाटायचं आईला सर्दी झालीय.

बाबा, आता तुमच्याशी बोलते. तुम्हाला २६ जुलै २००५ आठवते का? मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, हॉस्टेलवरून भायखळ्याला घरी आले होते आणि तिथेच अडकले. तुमची कंडक्टरची ड्युटी दुपारची, कुर्ला सांताक्रूझकडची डबलडेकर. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे आम्हाला नंतर पेपरात कळलं, त्या रात्री फक्त एवढंच माहीत होतं की मोबाईल लागत नाहीत, लोकल बंद आहेत, मिठी फुगलीय आणि बाबा घरी आले नाहीत. आई रात्रभर गॅलरीत उभी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही चालत आलात, खाकी शर्टाचा चिखल झालेला, तिकिटांची पत्र्याची पेटी छातीशी धरलेली, आणि दारातच बसलात.

मग तुम्ही सांगितलंत की कलिन्याजवळ गाडी बंद पडली, पाणी खालच्या सीटांपर्यंत आलं, तुम्ही आणि ड्रायव्हर काकांनी सगळ्यांना वरच्या मजल्यावर नेलं, एक लेकुरवाळी बाई होती, दोन म्हातारी माणसं होती, शाळेची पोरं होती, दिवे गेले, आणि अंधारात बाहेरून नुसता पाण्याचा आवाज. पोरं रडायला लागली तेव्हा तुम्ही भजन म्हणायला लागलात, आपलं चर्चमधलं. मग मागच्या सीटवरच्या एका आजोबांनी तुकोबांचा अभंग धरला, त्यावर तुम्ही टाळ्यांनी ठेका दिलात, मग कुणी कव्वाली म्हटली, असं आळीपाळीने पहाटेपर्यंत. मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, बाबा तुम्हाला भीती नाही वाटली? आणि तुम्ही म्हणालात, "भीती वाटत होती म्हणून तर गात होतो ना."

हे वाक्य मी वीस वर्षं जपून ठेवलंय. नाइट ड्युटीला एखादा पेशंट हातातून जातो आणि त्याच्या घरच्यांना सांगायला बाहेर जायचं असतं तेव्हा कॉरिडॉरमध्ये मी तुमचं भजन पुटपुटते, भीती वाटत असते म्हणूनच. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते, पाठीवर फटके बसलेले, पाय खोड्यात अडकवलेले, तेव्हा भूकंप होणार आहे हे त्यांना कुठे माहीत होतं. तुमच्या बससाठी तर भूकंपही झाला नाही आणि पाणीही दुभंगलं नाही, ते ओसरायचं तेव्हाच ओसरलं. पण पोरं झोपली ना बाबा.

आई, तुझ्या आजीची गोष्ट मी हल्ली सारखी आठवते. १९०० च्या दुष्काळात गुजरातहून केडगावला रमाबाईंच्या मुक्ती सदनात आणलेल्या पोरींमधली ती एक, सात-आठ वर्षांची, आईबाप वाटेतच गेलेले. तू सांगायचीस की ती म्हातारपणीसुद्धा ताटातला भाकरीचा चुरा बोटाने टिपून खायची. तिला ज्यांनी छातीशी धरलं त्या पंडिता रमाबाईंनी स्वतः तरुणपणी आई, वडील, बहीण दुष्काळात गमावलेले. मग नवरा कॉलऱ्याने गेला. आणि १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्यावर पुढचं सगळं काम सोपवायचं होतं ती. त्या वेळी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणायचं काम करत होत्या, गावातल्या बायकांना कळावं म्हणून, आणि ते त्यांनी सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. म्हणजे मुलगी गेल्यानंतर शेवटपर्यंत त्या रोज त्याच देवाच्या शब्दांसमोर बसत होत्या ज्याला त्या विचारू शकल्या असत्या की माझंच घर का. विचारलंही असेल, आईच ती. पण टेबलावरून उठल्या नाहीत. तुझी आजी त्याच आवारात वाढली आई, ते तुझ्या रक्तात आहे.

आता मला खरं जे सांगायचंय ते. रविवारी ड्युटी उतरून मी भायखळ्याला आपल्या चर्चला गेले होते. खूप दिवसांनी. तिथे अजून पेटीजवळची तुमची खुर्ची तशीच आहे बाबा, कुणी बसत नाही. पाळकसाहेबांनी मार्क २ वाचला, कफर्णहूमचा पक्षाघाती माणूस, चौघे जण त्याला उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटून बाज खाली सोडतात. मी हे शंभरदा ऐकलंय. पण या वेळी पक्षाघाती म्हटल्यावर डोळ्यासमोर बाबाच आले आणि मग पुढचं वाक्य नीट कानावर पडलं. येशू त्यांचा विश्वास पाहून. त्यांचा! त्या चौघांचा. खाली पडलेल्या माणसाने तोवर एक शब्द काढलेला नाही, त्याला किती विश्वास आहे हे कुणी मोजलेलं नाही. आणि नंतर मंडळीने तुमचं आवडतं भजन घेतलं, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, तुम्ही शेवटचं कडवं चढवून घ्यायचात तसंच चढवलं, आणि दोन आज्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, हे मास्तरांच्या वतीने बरं का पोरी.

त्यांच्या वतीने. आई, हे ऐकल्यावर माझ्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं. तुला गाता येत नाही तर आम्ही गातोय ना तुझ्या वतीने, तू उभी राहा नुसती, पुस्तक उघडून. नाहीतर बसून राहा. इतकी वर्षं तुम्ही दोघांनी दुसऱ्यांची बाज उचलली, कुणाकडे मयत झालं की पहिले बाबा जायचे, शिवडीला कबरीपाशी पावसात उभं राहून गायचे आणि तू त्या घरी डबा घेऊन जायचीस. आता तुमची बाज उचलायची आमची पाळी आहे, उचलू द्या.

आणि एक नर्स म्हणून सांगते. बाबांना बोलता येत नाही त्याला अफेजिया म्हणतात, मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसलाय, बोलणं बहुतेकांचं तिथेच असतं, म्हणून उजवा हात आणि बोलणं दोन्ही एकदम गेलं. पण गाण्याचं तसं नाही, चालीच्या कामात उजवी बाजूही असते. त्यामुळे ज्याला पाणी मागता येत नाही असा माणूस कधीकधी पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणतो. १९७३ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी त्यावरून एक उपचारच काढला, वाक्य चालीवर म्हणवून घ्यायचं, डाव्या हाताने ठेका देत. आपल्या स्पीच थेरपिस्टनेही तेच सांगितलं होतं ना, गाणी म्हणून घ्या, पण आपण तेव्हा इतके घाबरलेलो की ते डोक्यात शिरलंच नाही. मी मात्र सुट्टी संपवून निघायच्या आदल्या रात्री बाबांचे पाय चेपताना सहज भजन गुणगुणत होते, आणि 'प्रभू' शब्दावर बाबांचा आवाज माझ्यात मिसळला. एकदाच. मी थांबले तर तेही थांबले, परत म्हटलं तर आलं नाही. मी तुला सांगितलं नाही कारण उगाच आशा लावल्यासारखं झालं असतं. आता सांगतेय.

बाबा पूर्ण बोलायला लागतील असं मी म्हणत नाही. पहिल्या काही महिन्यांत जेवढं भराभर परत येतं तेवढं पुढे येत नाही, मी रोज बघते. शद्रख, मेशख, अबेद्नगो राजाच्या मूर्तीला नमन करायला नकार देऊन भट्टीसमोर उभे राहून म्हणाले, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी. मी गुडघ्यावर बसते तेव्हा पहिला अर्धा जोरात म्हणते, दुसऱ्या अर्ध्याला रोज आवाज कापतो. पण म्हणते.

म्हणून एक काम कर आई. पेटीवर तू तो जुन्या साडीचा कपडा टाकून ठेवलायस तो काढ. पेटी बाबांच्या पलंगाला लागून ठेव, भाता त्यांच्या डाव्या हाताला येईल अशी. डावा हात चांगला आहे त्यांचा, भाता त्यांनीच मारायचा, इतकी वर्षं त्याच हाताने मारलाय. तुला वाजवता येत नाही माहीत आहे, तू फक्त बाबांच्या पट्टीची काळी एक दाबून धर, एवढंच. मी रोज संध्याकाळी सव्वासातला फोन करीन, नाइट असेल तर निघायच्या आधी, तू स्पीकरवर ठेव, शब्द मी म्हणते. तुझ्या तोंडून नाही आलं तर राहू दे, बाबांचं नाही आलं तर राहू दे, रडू आलं तर रडा, पण सूर सोडू नका.

बेल वाजतेय, सात नंबरचं सलाइन संपलं असेल. बाबांची बीपीची गोळी रात्रीची चुकवू नकोस आणि तुझी शुगर सोमवारी चेक करून घे. शुक्रवारी ड्युटी संपली की दादरहून एसटीने निघते, नगरला पोचायला रात्र होईल, जागत बसू नका, पुढचं दार मात्र आतून कडी न लावता ठेव.

तुमची लेक