विजयदुर्गच्या घराचे दरवाजे पहिल्याच पावसात फुगले, तरी वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

दि. २१ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

विजयदुर्ग (ता. देवगड) येथील घरासाठी मार्च महिन्यात आपल्या विक्रेत्याकडून इंजिनिअर्ड लाकडाचे तीन दरवाजे घेतले. माहितीपत्रकात ‘किनारपट्टीसाठी खास’ असं ठळक छापलेलं होतं, म्हणूनच घेतले. जून सरायच्या आत पडवीचा आणि मागीलदारचा दरवाजा फुगून चौकटीत अडकू लागला, विनियरला (वरच्या पातळ लाकडी थराला) फोड आले. फोटोंसह तक्रार केली, तर आपलं उत्तर आलं की अति दमट हवेमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

बंदरावरच्या गावात पावसाळ्यात हवा दमट नाही तर कशी असणार? आणि समुद्राकाठी लाकूड टिकत नाही, हे निदान आम्हाला तरी सांगू नका. इथल्या वाघोटण खाडीत मराठा आरमाराची गोदी आहे, लाकडी गलबतं तिथे डागडुजीला यायची.

खरं कारण दरवाजा उतरवल्यावर दिसलं. मेस्त्रींनी तो ओटीवर आडवा टाकला. खालची कड पूर्ण उघडी: ना लिपिंग (कडेवरची लाकडी पट्टी), ना प्रायमर, ना पॉलिशचा एखादा हात. आतल्या पट्ट्या तळापासून वीतभर काळवंडलेल्या. पटाशीचं टोक लावताच प्लायचा थर पापुद्र्यासारखा सुटून आला. साइटवर दरवाजाला रंधा लागलेला नाही, त्यामुळे कड तासल्याने उघडी पडली, हे कारण पुढे करू नये. वरची कडही तशीच कोरी आहे. पत्रकात फिनॉलिक (पाण्याला टिकणारा) गोंद लिहिलाय. तो असा पाण्याने सुटत नाही, स्वस्तातला युरियाचा गोंद सुटतो. आयएस २२०२ चा (लाकडी फ्लश दरवाजांच्या भारतीय मानकाचा) शिक्का तिन्ही दरवाजांवर शोधून सापडला नाही. ‘स्टेनलेस’ म्हणून दिलेल्या स्क्रूंना गंज चढलाय, ते वेगळंच.

तूर्त माळ्यावरचं जुनं फणसाचं दार पट्टी ठोकून मागीलदारी बसवलंय. आजोबांच्या वेळचं आहे, त्याला काही झालेलं नाही.

तिसरा दरवाजा आतल्या खोलीचा आहे, अजून बरा दिसतो. पण कडा त्याच्याही कोऱ्या, म्हणून तिन्ही बदलून हवेत. सहाही बाजू सील केलेले, वाहतूक आणि सुतारकामाची मजुरी आपल्याकडे. शिवाय या मालाच्या गोंदाच्या चाचणीचा अहवाल पाठवावा. रंगाचा डबा पाठवून ‘कडा तुम्हीच रंगवा’ असं सुचवू नये, विक्रेत्याने तेही सुचवून झालंय.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे तारखांना आपल्यालाच इकडे यावं लागेल.

पाहणीला माणूस पाठवायचा तर जरूर पाठवा, पण चतुर्थीच्या आधी. नंतर घर मुंबईकरांनी भरलेलं असतं आणि मेस्त्री कोणालाच सापडत नाहीत.

आपला,
(ग्राहक)

सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, माहितीपत्रक व आपल्या ईमेलची प्रत, कडांचे फोटो