सांगलीकराला ठेवू की काढू?

सातारा,
मंगळवार, रात्री उशिरा

प्रिय मुक्ता,

तुझ्या मेसेजेसना उत्तरं द्यायची राहिलीत, ती राहू देत. आईचा गुडघा आहे तसाच, बाबांची शुगर ताब्यात, मी ठणठणीत. झालं. आता ऐक, कारण हे इथे कुणाला सांगितलं तर म्हणतील, खेळच आहे ना, मग सोडून दे.

मी पुन्हा डीएम झालेय, म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची डन्जन मास्टर: गोष्ट मी सांगायची, खेळाडूंनी आपापलं पात्र चालवायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांवर. हसू नकोस. दर रविवारी रात्री साडेनऊला, ऑनलाइन, डिस्कॉर्डवर, मराठीतून. पाचवी आवृत्तीच, तुझी लाडकी. मूळ नियम 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सवर फुकट आहेत, त्यामुळे कुणाला पुस्तक घ्यायला लावलं नाही. गोष्ट अजिंक्यताऱ्याची. 1699 चा डिसेंबर, खाली करंज्याला औरंगजेबाची छावणी, वर गडात आपली मंडळी अडकलेली. ड्रॅगन नाही, त्यामुळे तू नाक मुरडणार, मुरड.

खेळाडू जमवणं हे स्थळं बघण्याहून वाईट. दोन्ही करून बसलेय म्हणून सांगते. एकाने विचारलं, जिंकलं की किती मिळतात. एकीच्या नवऱ्याला फासे म्हटल्यावर जुगार वाटला. एकाला निन्जाच व्हायचं होतं, साताऱ्याच्या किल्ल्यावर! आणि ‘हो हो, नक्की’ म्हणणारे ढिगाने, ज्यांच्याकडे रविवारी नऊ वीसला पाहुणे येतात. शेवटी मी नियम येतात का हे विचारणंच सोडलं. फोनवर दहा मिनिटं गप्पा मारायच्या, आणि बघायचं की समोरच्याला दुसरा बोलताना गप्प बसता येतं का. चौघे मिळाले: आपली प्राजू, कोरेगावची एक फार्मासिस्ट, कराडचे काका (एसटीतून रिटायर्ड कंडक्टर, भाच्याने आणून बसवले), आणि सांगलीकर. सेशन झिरोला, म्हणजे खेळाआधीच्या बैठकीला, काय चालेल, काय नको ते ठरवलं. फार्मासिस्ट म्हणाली, साप नकोत. सह्याद्रीतल्या गडावर साप नकोत! काढले सगळे.

आता खरी भानगड. परवा सगळे मंगळाईच्या बुरुजावर. खालून तरबियतखानाची माणसं सुरुंग खणतायत, हे खेळाडूंना कळायचंय. काका पाथरवट आहेत, म्हणजे खेळात. तोवर फारसे बोलले नव्हते. एकदम म्हणाले, “तटाच्या आतल्या अंगाला परातीत पाणी भरून ठिवतो. खाली कोण खणत असलं तर पाणी थरथरंल.”

मुक्ते, माझ्या अंगावर काटा आला. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि तेवढ्यात सांगलीकर: “परसेप्शन चेक लागेल ना? डीसी किती? आणि यांना त्यात प्रोफिशिअन्सी नाहीये.” म्हणजे, काकांच्या पात्राला ते दिसलं का हे फासा टाकून ठरवा, किती आकडा लागेल ते सांगा, आणि त्यात ते तरबेजही नाहीत. मी म्हटलं, रोल नको, पाणी हलतंय. तर हा नियम काढून वाचायला लागला. पुस्तकात मुळी लिहिलंय काय, तर अपयशाची शक्यता असेल तरच डीएम चेक मागतो! काका “बरं” म्हणाले आणि त्यांचा माइक बंद झाला तो सेशन संपेपर्यंत. सकाळी मेसेज: पुढच्या रविवारी जमणार नाही, नातवाची परीक्षा आहे. नातू बालवाडीत आहे गं.

काढून टाकावं त्याला, सोपं आहे. पण हाच पोरगा काकांबरोबर तासभर बसून त्यांची कॅरेक्टर शीट भरत होता, न कंटाळता. नकाशेही त्यानेच काढले. वेळेच्या आधी येतो. रोल20, ती नकाशावर खेळायची साइट, प्राजूच्या फोनवर अडकायला लागली तर त्यानेच सुचवलं, नकाशाचा फोटो टाकू आणि तोंडी खेळू. वाईट नाहीये तो. त्याला वाटतं, नियम सैल झाले की खेळातली मजाच गेली.

आठवतंय कुणी असं? स्टीलच्या वाटीत वीस चिठ्ठ्या घालून खेळायचो आपण, डाइस परवडायच्या आधी. मी कॅलेंडरच्या आड आकडा कमी सांगून खेळातली तुझी पुजारीण, ती क्लेरिक, वाचवली, आणि तू पोवई नाक्यावर भर रस्त्यात ओरडलीस, “मला मरू दे!” रिक्षावाला थांबला होता. मग किती दिवस बोलली नाहीस. मी तेव्हाही बरोबर होते, आजही आहे. पण त्या पोराने “डीसी किती?” विचारलं तेव्हा मला तुझाच आवाज ऐकू आला, आणि त्याला काढायला हात धजेना.

तो मला असंही म्हणाला, गड 1700 च्या एप्रिलमध्ये पडणारच आहे, मग फासे कशाला टाकायचे? मी म्हटलं, गड जाईल, पण कोण वाचतं, कोण काय घेऊन बाहेर पडतं, ते कुठे लिहिलंय? त्यावर गप्प बसला. पटलं की रुसला, कळलं नाही.

म्हणून हे लिहितेय. तू ये. आपले साडेनऊ म्हणजे तुझ्याकडे सध्या संध्याकाळचे सहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं मागे गेली की पाच, ते तेव्हा बघू. तुला गडात नाही घेत, खाली मोगलांकडे घेते, सुरुंग खणायला. सांगलीकराला काय भांडायचंय ते तुझ्याशी भांडू दे, मोजून, कलमासकट. तेवढ्यात काका परात मांडतील. दुसरा सुरुंग मोगलांवरच उलटला होता हे प्राजूला माहीत नाही, तोंड उघडू नकोस.

नोकरीचं झालं ना? फार बरं वाटलं. रेवाची शाळा कशी आहे, सासूबाई कधी येतायत, सगळं फोनवर. काकांना मी उद्या फोन लावते. तू शनिवारच्या आत कळव.

तुझी,
अनू

ता. क. फासे उघडे टाकायचे की झाकून, ते मीच ठरवणार. आधीच सांगून ठेवते.