पेट्यांत निगेटिव्ह आहेत, नावं माझ्या डोक्यात

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

माझ्या घरी लोखंडाच्या तीन पेट्या आहेत. १९८४ पासूनच्या निगेटिव्ह त्यांत आहेत. वरची पेटी उघडली की हल्ली व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. जुनी फिल्म खराब व्हायला लागली की असा वास सुटतो, आणि एका रोलला लागलं की शेजारच्यालाही लागतं.

मी लातूरचा. एका दैनिकात फोटोग्राफर होतो. म्हणजे अधूनमधून वार्ताहर आणि दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करणारासुद्धा. मोठी बातमी असली की रोल पाकिटात घालून रात्रीच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा आणि मुंबईला फोन करून गाडीचा नंबर सांगायचा. लग्नंही काढली. पगारात घर भागत नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या भिंती आणि वरचं माळवद त्यांच्या अंगावर आलं. त्या दिवशी मी सात रोल काढले. छापून आले, कौतुक झालं. त्याबद्दल हे पत्र नाही.

महिन्याभरानं पत्र्याच्या शेडमधून एक बाई आली. म्हणाली, "दादा, तुमी आमच्या गावच्या बाजाराचे फोटू काडले होते न्हवं? त्यात माय हाय का बगा की." तिच्या घरातला एकही फोटो उरला नव्हता. १९९१ च्या आठवडी बाजाराचा रोल काढला, काँटॅक्ट शीटवर, म्हणजे रोलमधले सगळे फोटो बारीक छापलेल्या कागदावर, भिंग फिरवलं. अगदी कोपऱ्यात, शेंगांच्या ढिगामागं पदर सावरणारी एक म्हातारी. फोटो मोठा करायचं यंत्र, एनलार्जर, जाईल तेवढा वर नेला. चेहऱ्याचे ज्वारीसारखे दाणे दाणे झाले, तरी तिनं ओळखला. कागद ओला होता. पदराच्या टोकानं टिपत म्हणाली, "मागं नाव लिवा हिचं. लेकरायला कळलं पाहिजे."

मग लोक येतच राहिले. शाळेचं स्नेहसंमेलन, मिरवणूक, सोसायटीची निवडणूक, जो तो कोणाला तरी शोधत. त्या हिवाळ्यात किती प्रिंट काढल्या ते मोजलं नाही, पैसेही घेतले नाहीत. कागदाच्या बिलावरून घरात बोलणी मात्र खाल्ली. पुढं ती सवयच लागली. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी म्हाताऱ्यांचे पासपोर्ट फोटो काढायला दर मंगळवारी तहसीलच्या बाहेर चादर बांधून बसायचो. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा फलाटावर कॅमेऱ्यांची झुंबड होती. मी आपला घागरींच्या रांगेकडं गेलो.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावं जागची हलली. त्यांची जुनी वेस, पार, चावडी आता असल्याच तर असल्या पेट्यांत.

माझं दैनिक बंद पडलं तेव्हा तिथल्या निगेटिव्ह रद्दीवाल्यानं किलोवर नेल्या. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांचं पाहा. आपल्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, पुढं पद्मविभूषण झाल्या. त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशननं सांभाळला. तालुक्याच्या फोटोग्राफरला कोण विचारतो?

पुराभिलेख संचालनालय आपल्याच खात्यात आहे. १८२१ पासून ते सरकारी कागद जपतं. तिथं जिल्ह्याजिल्ह्यातल्या बातमीच्या फोटोग्राफरांच्या निगेटिव्ह घ्या, एवढीच विनंती. आपले अधिकारी म्हणतील, स्कॅन करून टाकू. स्कॅन करा, पण सोबत वही घेऊन बसणारा माणूस पाठवा. नाव नसलं की ती म्हातारी नुसती 'भूकंपग्रस्त महिला' होते, आणि तो फोटो तर भूकंपाच्या दोन वर्षं आधीचा आहे! मी अडुसष्ट वर्षांचा आहे. गावात चेहरे ओळखणारी माणसं माझ्याहून थकलेली आहेत.

सत्कार नको. प्रदर्शन तर नकोच. उद्घाटनांचे फोटो मीच काढत आलोय, दुसऱ्या दिवशी तिथं कोण असतं ते मला ठाऊक आहे.

माणूस पाठवायचा झाला तर मे महिन्यात पाठवा. पावसाळ्यात मी पेट्या उघडत नाही, दमट हवेत फिल्म एकमेकींना चिकटतात. बाजाराचा रोल मधल्या पेटीत आहे, डाव्या बाजूला.

आपला,
एक निवृत्त वृत्तछायाचित्रकार, लातूर