खपली सांजाच्या पाकिटावरील ‘ग्लूटेन-फ्री’ या छपाईबद्दल तक्रार

तासगाव, जि. सांगली
दिनांक : ३० जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘ग्लूटेन-फ्री न्याहारी संचा’तील खपली सांजा मिक्स आणि सोबतची पाककृती पुस्तिका

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या कंपनीचा ‘ग्लूटेन-फ्री न्याहारी संच’ मी २८ मे रोजी ऑनलाइन मागवला. सहा पाकिटे, ७४० रुपये. त्यातल्या ‘खपली सांजा मिक्स’च्या पाकिटावर, नावाच्याही वर, ‘ग्लूटेन-फ्री’ असे ठळक छापले आहे. खपली हा गहू आहे आणि त्यात ग्लूटेन, म्हणजे गव्हातले चिकट प्रथिन, असते. माझ्या नऊ वर्षांच्या नातीला सीलिअ‍ॅक आजार आहे. तो सांजा मी तिला चार दिवस रोज सकाळी माझ्या हाताने करून वाढला.

तिचे निदान झाले तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि वजन होते चौदा किलो. वर्षभर जुलाब, फुगलेले पोट, काटक्यांसारखे हातपाय. जंताची औषधे झाली, टॉनिके झाली, दृष्टही काढून झाली. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी रक्ताची तपासणी करून दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेतला, तेव्हा कळले. गहू पोटात गेला की तिचे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उठते. अन्न शोषून घेणारी आतड्याच्या आतली बारीक लव झिजून सपाट होते. मग खाल्लेले अंगी लागत नाही, रक्त वाढत नाही, उंची वाढत नाही. यावर गोळी नाही. गहू, जव आणि त्यांच्या जातीचे सगळे जन्मभर बंद, एवढाच उपाय.

तो आम्ही तीन वर्षे काटेकोर पाळला. तिचा तवा, परात, पोळपाट-लाटणे, चाळण वेगळी. गावच्या गिरणीत ज्वारी टाकली तर आधीच्या गिऱ्हाइकाचे गव्हाचे पीठ जात्यात असतेच, म्हणून घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधी घातला नाही. बाजारच्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो हे कळल्यावर खडा हिंग आणून खलबत्त्यात कुटू लागलो. पोर हळूहळू भरली. गेल्या डिसेंबरात तिचे रक्ताचे आकडे पहिल्यांदा सरळ आले. सुनेने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

मुलगा आणि सून दोघेही सकाळी साडेसहाला नोकरीसाठी बाहेर पडतात. नातीची न्याहारी आणि डबा माझ्याकडे. पोहे, ज्वारीच्या कण्या, तांदळाची उकड, मुगाची धिरडी एवढे मला येते. पण रोज तेच तेच म्हणून ती कंटाळली होती. शाळेत बाकीच्या मुलांच्या डब्यात शिरा-उपमा असतो आणि हिला सांजा खाऊन तीन वर्षे झाली होती. आपल्या संचात सांजा दिसला आणि मी तो मागवला, तो केवळ त्या एका पाकिटासाठी.

आता मला ज्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो ते सांगतो. मी शेतकरी आहे. माझ्या वडिलांनी खपली पिकवली, मीही वीसेक वर्षे पिकवली. तिचे टरफल दाण्याला घट्ट धरून बसते, नुसत्या मळणीने सुटत नाही, कांडावी लागते. आमच्याकडे लग्नकार्यात गूळ घालून खपलीची खीर करतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे एमएसीएस २९७१ हे खपलीचे वाण आहे, आणि ते गव्हाचे वाण म्हणूनच शेतकऱ्याच्या हातात येते. बाजार समितीतही आम्ही ती गहू म्हणूनच विकली. हे सगळे माहीत असून मी ते पाकीट उघडले. कारण गेली काही वर्षे जो तो सांगतो की खपली जुना गहू आहे, पचायला हलका आहे, साखरवाल्यांना चालतो. त्यावर आपल्यासारख्या कंपनीने स्वच्छ मराठीत ‘ग्लूटेन-फ्री’ छापले. मला वाटले, यांनी प्रयोगशाळेत तपासले असेल, माझे ज्ञान शेतापुरते. तरीही मी पाकीट उलटून पाहिले. मागे घटकांत ‘खपली रवा’ लिहिले आहे. ‘गहू’ हा शब्द कुठेही नाही, अ‍ॅलर्जीच्या सूचनेची ओळ नाही. गहू शब्द दिसला असता तर तिथेच थांबलो असतो.

शाळा १६ जूनला, सोमवारी सुरू झाली. त्या दिवशी तिने दोनदा मागून घेतला आणि म्हणाली, “आजोबा, हा उद्या पण करा.” मी केला. बुधवारी दुपारी शाळेतून पोट दुखते म्हणून आली. मला वाटले पावसाळ्याचे पाणी बाधले. गुरुवारी सकाळी पुन्हा तोच सांजा दिला. त्या रात्री जुलाब आणि उलट्या. शुक्रवारी सलाईन. डॉक्टरांनी काय काय खाल्ले ते विचारले, मी फोनवर पाकिटाचा फोटो दाखवला. ते म्हणाले, “काका, खपली गहूच आहे. हिला अजिबात चालत नाही.” सून माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचे आहे.

नात आता बरी आहे, पण ताटात काहीही वाढले की आधी विचारते, “यात काय आहे?” मी केलेले पोहेसुद्धा दोन घास खाऊन ठेवते. इतके दिवस ती माझ्या हातचे न विचारता खात होती.

२३ जूनला मी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. तिथल्या ताईंनी सांगितले की खपलीत ग्लूटेन कमी असते, बऱ्याच ग्राहकांना ती मानवते, पैसे परत मिळतील आणि पुढच्या खरेदीवर सवलतही मिळेल. त्या नम्रपणे बोलल्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना शिकवले तेच त्यांनी सांगितले. पण ‘कमी’ आणि ‘मुक्त’ यांत फरक आहे आणि तो कायद्यानेच आखून दिला आहे. आपल्या देशात ‘ग्लूटेन-मुक्त’ लिहायचे तर एका किलोत ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे. साध्या गव्हाच्या एका चमचाभर कणकेत शेकड्यांनी मिलिग्रॅम ग्लूटेन असते. खपलीत थोडेफार इकडेतिकडे धरले तरी वाटीभर सांजा या मर्यादेत बसणे शक्य नाही. शिवाय ज्या धान्यात ग्लूटेन असते त्याचे नाव पाकिटावर सांगणे २०२० च्या लेबल नियमांनी बंधनकारक आहे.

दुसरी गोष्ट संचासोबतच्या ‘पंधरा दिवस, पंधरा न्याहाऱ्या’ या पुस्तिकेची. तिच्यात चौथ्या दिवशी खपलीचा दलिया आहे. नवव्या दिवशी नाचणीच्या शेवया आहेत, पण बाजारच्या नाचणी शेवयांत गहू किंवा मैदा मिसळलेला असू शकतो, हे कुठे सांगितलेले नाही. अकराव्या दिवशी ‘भाजणीत मूठभर कणीक घातल्यास थालीपीठ तुटत नाही’ असे लिहिले आहे. हे वाचून मी पुस्तिका मिटवून ठेवली. पहिल्या पानावर ‘मैदा नाही, म्हणजे पोटाला त्रास नाही’ असे वाक्य आहे. ही पुस्तिका लिहिणाऱ्याने मैदा आणि ग्लूटेन एकच समजले, असे मला वाटते. मैदा गव्हाचाच, पण मैदा काढला म्हणून गहू गेला असे होत नाही.

खरे तर आपल्या मुलखात या पुस्तिकेसाठी गहू लागतच नाही. शाळूच्या कण्या रात्री भिजवून सकाळी शिजवाव्या, वरून ताक आणि लसणाची फोडणी. तांदळाच्या पिठाची ताकातली उकड, आले-मिरची घालून, वर कच्चे तेल. कोकणातले घावन. नाचणीची आंबील. वरीच्या तांदळाचा उपमा, तो तर नातीला सांज्यासारखाच लागतो, हे आम्हाला गेल्याच आठवड्यात कळले. भाजणी ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धने, जिरे यांची करावी, गहू वगळून. थालीपीठ तुटू नये म्हणून पीठ गरम पाण्यात मळून दहा मिनिटे झाकून ठेवावे. आमच्या घरात तीन वर्षे असेच करतो, तुटत नाही. आपण मागितले तर सून सगळी प्रमाणे लिहून देईल, त्याचे पैसे नकोत.

माझ्या मागण्या अशा. खपली सांजा मिक्सवरून ‘ग्लूटेन-फ्री’ हे शब्द काढा आणि आज दुकानांत व ऑनलाइन असलेला माल परत बोलवा. हा संच ज्यांनी घेतला त्या प्रत्येकाला फोन किंवा संदेश करून सांगा की यात गहू आहे. आपल्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत. त्यांत आणखी एखादे असे लेकरू असेल, त्याच्या घरी अजून पाकीट फोडलेले नसेल. बाकीच्या पाच पाकिटांतला हिंग कुठला आणि कशात मिसळलेला, हे लेखी कळवा. पुस्तिका मागे घ्या. माझे ७४० रुपये परत करा, सवलतीचे कुपन नको.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी अन्न व औषध प्रशासनाच्या सांगली कार्यालयात आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन, आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. चुकीच्या लेबलबद्दल अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये दंडाची तरतूद आहे. पण मला ते करायला लागू नये अशी माझी इच्छा आहे.

सोबत देयकाची प्रत, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, पुस्तिकेच्या चार पानांच्या झेरॉक्स आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडली आहे. उरलेले अर्धे पाकीट मी बंद डब्यात, नातीच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवले आहे. तपासणीसाठी आपला माणूस पाठवलात तर त्याच्यासमोर ते उघडून अर्धे देईन, अर्धे ठेवून घेईन.

आपला,
एक शेतकरी ग्राहक
(नाव, पत्ता व दूरध्वनी देयकाच्या प्रतीवर)